चेहरा चेलीचा, आवाज रिएटीचा: एका बहुभाषी नटाच्या कारकिर्दीचा अभ्यास

‘थंडरबॉल’ हा जेम्स बाँडचा चौथा सिनेमा डिसेंबर १९६५ मध्ये पडद्यावर आला. त्यातला एमिलिओ लार्गो एकदा पाहिलेला माणूस सहसा विसरत नाही. पांढरेशुभ्र केस, एका डोळ्यावर काळी पट्टी, भरलेला देह आणि चालण्यात जमीनदाराची ऐट. सुरुवातीलाच तो पॅरिसच्या एका रस्त्यावर गाडी थांबवून उतरतो. हवालदार हटकायला पुढे येतो, पण माणूस ओळखून उलट सलाम ठोकतो. लार्गो निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थेची पाटी असलेल्या इमारतीत शिरतो आणि आतल्या गुप्त दालनात स्पेक्टर या गुन्हेगारी संघटनेची बैठक सुरू होते. पैशांत घोळ करणारा एक सभासद खुर्चीतच विजेच्या धक्क्याने मारला जातो. लगेच पुढचा विषय म्हणून लार्गो आपली योजना मांडायला लागतो: दोन अणुबाँब पळवायचे आणि दहा कोटी पौंडांचे हिरे खंडणी म्हणून मागायचे. मेलेल्या माणसाची दखलही न घेता हा माणूस हिशेबाचं बोलतो, आणि एवढ्यावर आपल्याला त्याची पूर्ण ओळख पटते.

ही भूमिका करणारा अडोल्फो चेली इटालियन होता. पडद्यावर ऐकू येतो तो आवाज मात्र रॉबर्ट रिएटी या दुसऱ्याच नटाचा आहे, आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत रिएटीचं नाव नाही. चेलीला अनेक भाषा येत होत्या. पोर्तुगीज बोलणाऱ्या नाटक मंडळीचा तो कलादिग्दर्शक राहिला होता, फ्रेंच सिनेमात कामं करत होता, आणि ‘थंडरबॉल’च्या सेटवर आपली वाक्यं इंग्रजीतच बोलला होता. तरीही ज्या सिनेमाने त्याचा चेहरा जगभर नेला, त्यात त्याच्या तोंडचा एक शब्दही त्याचा नाही. भाषांच्या जोरावर उभी राहिलेली कारकीर्द नेमकी भाषेच्याच दारात कशी अडली, आणि अडली तरी खुंटली का नाही, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

रोमहून साओ पाउलोला

चेलीचा जन्म २७ जुलै १९२२ चा, सिसिलीतल्या मेसिनाजवळच्या कुर्कुराचीचा. नाट्यशिक्षण रोमच्या राष्ट्रीय नाट्य अकादमीत झालं. व्हित्तोरिओ गासमान, लुचानो साल्चे, लुइजी स्क्वार्झिना ही पुढे इटालियन रंगभूमीवर आणि पडद्यावर गाजलेली मंडळी त्याच काळात तिथे शिकत होती. युद्ध संपताच १९४६ मध्ये चेली पडद्यावर आला. त्या वेळी कुणी भविष्य सांगितलं असतं तर एवढंच सांगितलं असतं की हा रोमच्या रंगभूमीवरचा एक चांगला नट होईल. पण तो दक्षिण अमेरिकेला गेला.

ब्राझीलमधली ही वर्षं चेलीवरच्या इंग्रजी लेखांत दोन ओळींत उरकलेली असतात. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोलाचा काळ हाच. फ्रांको झांपारी या मूळच्या इटालियन उद्योगपतीने १९४८ मध्ये साओ पाउलोत ‘तेआत्रो ब्राझिलेइरो दि कोमेदिया’ ही नाट्यसंस्था काढली. तिचं घर बेला विस्ता भागात होतं. स्थलांतरित इटालियनांची तिथे दाट वस्ती होती आणि रस्त्यात अर्धं बोलणं इटालियन वळणाच्या पोर्तुगीजमध्ये चालायचं. या संस्थेचा कलादिग्दर्शक म्हणून चेलीला आणलं गेलं तेव्हा तो तिशीच्याही आत होता.

तोवर ब्राझीलची व्यावसायिक रंगभूमी मुख्य नटाभोवती फिरत असे. नाटक त्याच्यासाठी निवडलं जाई, तालमी थोडक्यात आटोपत आणि विसरलेलं वाक्य प्रॉम्प्टर पुरवत असे. संगीत नाटकाचा उतरता काळ आठवणाऱ्या मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. चेलीने आणि त्याच्यासोबतच्या रुजेरो याकोबी, लुचानो साल्चे या इटालियन दिग्दर्शकांनी तिथे वेगळी शिस्त आणली. दीर्घ तालमी, सगळ्या पात्रांना सारखं महत्त्व, नेपथ्य आणि प्रकाश यांचा आधीपासून विचार आणि प्रॉम्प्टरला रजा. कासिल्डा बेकेर आणि पाउलो आउत्रान ही ब्राझीलच्या रंगभूमीवरची थोर नावं, आणि दोघांच्याही वाटचालीत हे रंगमंदिर महत्त्वाचं ठरलं.

झांपारीने पुढे ‘व्हेरा क्रूझ’ ही चित्रपटसंस्थाही उभारली. तिचा पहिला सिनेमा ‘काइसारा’ (१९५०) चेलीनेच दिग्दर्शित केला. १९५२ चा ‘तिको-तिको नो फुबा’ही त्याचाच, संगीतकार झेकिन्या दि आब्रेउ याच्या आयुष्यावरचा. त्यातली नटी तोनिया कार्रेरो हिच्याशी त्याने लग्न केलं. पुढे कार्रेरो, आउत्रान आणि चेली अशा तिघांनी मिळून स्वतःची मंडळी काढली. तिच्या नावातच तिघांची नावं होती आणि सुरुवात ‘ऑथेल्लो’ने झाली.

परक्या भाषेत नाटक बसवणं म्हणजे काय, हे नीट लक्षात घ्यायला हवं. दिग्दर्शकाला नुसता अर्थ कळून भागत नाही. वाक्यातल्या कुठल्या शब्दावर जोर आला की प्रेक्षक हसेल, कुठे श्वास घेतला की विनोद पडेल, शिवी कुठे शोभेल आणि कुठे नुसती उद्धट वाटेल, हे सगळं कानाने ओळखावं लागतं. चेली हे काम दहा-बारा वर्षं पोर्तुगीजमध्ये करत होता. म्हणून ‘त्याला भाषा येत नव्हती म्हणून डबिंग करावं लागलं’ असं सोपं कारण कुणी दिलं तर ते मला पटत नाही. भाषांचा त्याचा कान असामान्य होता. सिसिलियन हेल जिभेवर बसलेला होता, ही गोष्ट वेगळी.

फ्रेंच दारातून हेरपटात

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चेली युरोपात परतला. तिकडचं पुन्हा दार उघडलं तेही ब्राझीलमुळेच. फिलिप द ब्रोका हा फ्रेंच दिग्दर्शक रिओ आणि नव्याने उभ्या राहत असलेल्या ब्राझिलिया शहरात ‘द मॅन फ्रॉम रिओ’ (१९६४) करत होता. नायक जाँ-पॉल बेलमोंदो, नायिका फ्राँस्वाझ दोर्लेआक. त्यात मारिओ द कास्त्रो हा बडा ब्राझिलियन उद्योगपती हवा होता आणि तो चेलीला मिळाला. इटालियन नटाने फ्रेंच सिनेमात ब्राझिलियन धनिक उभा केला आणि कुणालाही तो उपरा वाटला नाही. श्रीमंत यजमानाचा तो सैलसर रुबाब आणि पाहुण्याला जवळ घेण्याची ती ढब चेलीने साओ पाउलोच्या बैठकांत डोळ्यांनी पाहिलेली असणार.

पुढचं १९६५ हे वर्ष त्याच्यासाठी भरगच्च गेलं. ‘व्हॉन रायन्स एक्सप्रेस’मध्ये फ्रँक सिनात्रासमोर युद्धकैद्यांच्या इटालियन छावणीचा कमांडंट, ‘द अ‍ॅगनी अँड द एक्स्टसी’मध्ये जोव्हान्नी दे मेदिची आणि वर्षाअखेरीला लार्गो. १९६६ मध्ये जॉन फ्रँकेनहायमरच्या ‘ग्राँ प्री’त शर्यतीच्या गाड्यांच्या कारखान्याचा इटालियन मालक. त्याच वर्षी द ब्रोकाच्या आणखी एका फ्रेंच सिनेमात तर तो चक्क स्कॉटिश कर्नल झाला.

आवाज का बदलला

बाँड मालिकेत हे नवं नव्हतं. पहिल्याच सिनेमात उर्सुला अँड्रेसचा आवाज निकी व्हॅन डर झाइल हिने दिला. दुसऱ्यात दानिएला बियांकीसाठी बार्बरा जेफर्ड बोलली. तिसऱ्यातल्या गोल्डफिंगरचा जर्मन नट गेर्ट फ्रोबे याच्यासाठी मायकेल कॉलिन्स बोलला. जर्मन आवृत्तीत मात्र फ्रोबे स्वतःच बोलला. ‘थंडरबॉल’मध्ये नायिका क्लोदिन ओझे हिच्यासाठी पुन्हा निकी आणि चेलीसाठी रिएटी. निर्मात्यांना युरोपातले चेहरे हवे होते, पण सिनेमा चालायचा होता इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या बाजारात. एक शब्द जरी कानाला अडखळला तरी त्यांना तो परवडत नव्हता. चेहरा रोममधून किंवा पॅरिसमधून घ्यायचा आणि वाक्यं लंडनच्या स्टुडिओत भरायची, हा धंद्याचा रिवाज झाला होता.

काम कसं चालतं ते थोडं जवळून पाहू. सेटवर नटाचा आवाज मुद्रित होतो, पण तो फक्त वाटाड्या म्हणून. नंतर दृश्याचे लहान लहान तुकडे करून ते पुन्हा पुन्हा पडद्यावर फिरवतात. आवाज देणारा नट ओठांकडे पाहत बोलतो. ‘प’, ‘ब’, ‘म’ यांना ओठ मिटतात, म्हणून या अक्षरांच्या जागा चुकून चालत नाहीत. चेली सेटवर इंग्रजीतच बोललेला असल्यामुळे रिएटीचं काम तेवढं सोपं झालं: ओठ जुळत होतेच. म्हणजे वाक्याची लय, थांबे, श्वासाची जागा या चेलीनेच आखून दिलेल्या रेषा होत्या. रिएटीने त्या रेषांत आपला गळा भरला.

यातली खरी गंमत रिएटीच्या घराण्यात आहे. तो जन्मला लंडनमध्ये, पण इटालियन वंशाच्या कुटुंबात. वडील व्हिक्टर रिएटीही नटच. म्हणजे सिसिलीच्या नटाचा इटालियन हेल पुसून तिथे लंडनच्या इटालियनाचा हेल बसवला गेला. लार्गोचं बोलणं नीट ऐका, ते शुद्ध ब्रिटिश वळणाचं नाही. परकेपणाची एक बारीक छटा जपून ठेवली आहे. निर्मात्यांना परका माणूस हवाच होता, फक्त तो किती परका ऐकू यावा हे त्यांना आपल्या हातात ठेवायचं होतं. रिएटीने या मालिकेत इतरही अनेकांसाठी आवाज दिला. पहिल्या सिनेमातला स्ट्रँगवेज आणि ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मधला जपानी गुप्तहेरप्रमुख टायगर तानाका, दोघांच्या गळ्यात तोच आहे. इटालियन खलनायक आणि जपानी मित्र एकाच माणसाच्या आवाजात बोलतात आणि पाहणाऱ्याला शंकाही येत नाही, इतका तो गळा तयारीचा होता.

आपल्याकडे ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभाससाठी शरद केळकर बोलला आणि ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनसाठी श्रेयस तळपदे. दोघांचं कौतुक उघडपणे झालं, मुलाखती झाल्या, आवाज कुणाचा हे प्रेक्षकाला माहीत झालं. रिएटीच्या वाट्याला त्या काळी यातलं काही आलं नाही, आणि चेलीच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काम अर्धं झाकलं गेलं. दोघांवरही अन्याय झाला असं मी म्हणेन.

निर्णय चुकला होता का

इथे थोडं थांबून दुसरी बाजू पाहायला हवी. परका हेल बाँडपटात चालतच नव्हता असं नाही. १९६३ मध्ये लोत्ते लेन्या ही ऑस्ट्रियन नटी रोझा क्लेब म्हणून स्वतःच्या आवाजात बोलली होती आणि भूमिका गाजली. पुढे कुर्ट युर्गेन्स आणि मायकेल लोन्सडेल हेही स्वतःच्याच आवाजात खलनायक झाले. सगळ्यात बोलका दाखला १९८३ चा. ‘थंडरबॉल’चीच कथा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ या नावाने पुन्हा पडद्यावर आली तेव्हा लार्गोची भूमिका क्लाउस मारिआ ब्रांडाउअर या ऑस्ट्रियन नटाने केली आणि ती स्वतःच्या आवाजात केली. तीच भूमिका, तसाच युरोपीय नट, पण अठरा वर्षांनी डबिंगची गरज कुणालाही वाटली नाही.

एवढ्यावरून १९६५ चा निर्णय चूक होता असं म्हणायचा मोह होतो. पण १९८१ मध्ये बीबीसीने ‘द बोर्जियाज’ ही दहा भागांची मालिका केली आणि त्यात रोद्रिगो बोर्जिया, म्हणजे पोप सहावा अलेक्झांडर, ही प्रमुख भूमिका चेलीला दिली. या वेळी आवाज त्याचाच ठेवला. ब्रिटिश समीक्षकांनी त्याच्या इंग्रजीवर झोड उठवली. काय बोलतोय तेच कळत नाही अशी तक्रार झाली. ज्या हेलाला निर्मात्यांनी सोळा वर्षांपूर्वी घाबरून हात घातला नव्हता, तो शेवटी इंग्रजी प्रेक्षकाच्या कानावर पडला आणि त्यांची भीती काही अंशी खरी ठरली.

मला यात दोन वेगळ्या कसोट्या दिसतात. शब्द कळले पाहिजेत ही एक, आणि आवाज त्या माणसाचा वाटला पाहिजे ही दुसरी. पोपची भूमिका संवादांनी लादलेली होती. कारस्थानं, मुलांशी वाद, कार्डिनलांशी सौदे हे सगळं बोलण्यातच होतं, म्हणून तिथे पहिली कसोटी निकराची ठरली. लार्गोचं तसं नाही. नासाऊच्या कॅसिनोतला पत्त्यांचा प्रसंग पाहा. बाँड समोर बसतो, एकेक डाव जिंकत जातो आणि लार्गो मोजके शब्द बोलतो. हारल्याचा संताप चेली खांद्यांत आणतो, चेहऱ्यावर येऊ देत नाही. उघडा असलेला एकच डोळा पत्त्यांवरून बाँडवर आणि बाँडवरून शेजारी बसलेल्या नायिका डोमिनोवर फिरतो. या माणसाचा जड इटालियन हेल ऐकू आला असता तर प्रेक्षकाचं काहीच बिघडलं नसतं. दोन-चार वाक्यं पुन्हा मुद्रित करून भागलं असतं. सरसकट आवाज बदलणं ही सवय होती, आणि सवयीमुळे एक पुरा नट आपल्या हाती आला नाही.

लार्गोनंतरची गर्दी

बाँडच्या यशामागोमाग इटलीत हेरपटांची लाट आली. चेलीकडे साहजिकच पट्टी न बांधलेले लार्गो येऊ लागले. ‘ओके कॉनरी’ (१९६७) हा त्यातला सगळ्यात धीट प्रयोग: नायक शॉन कॉनरीचा धाकटा भाऊ नील कॉनरी, सोबत बाँडपटांतले बर्नार्ड ली, लोइस मॅक्सवेल, दानिएला बियांकी आणि खलनायक चेली. बाँडपटात तो संघटनेतला क्रमांक दोन होता. इथे त्याचं नाव बीटा, म्हणजे पुन्हा दुसराच. वर्षभराने मारिओ बाव्हाच्या ‘डेंजर: डायबोलिक’मध्ये तो टोळीप्रमुख व्हालमाँ झाला. यांतले काही सिनेमे आज पाहताना कंटाळा येतो. चेली मात्र कुठेही हात राखून काम करत नाही.

याच साच्यात तो राहिला असता तर हे प्रकरण लिहिण्याजोगं नव्हतं. तो बाहेर पडला. १९६९ मध्ये गासमान आणि लुचानो लुचिन्यानी यांच्यासोबत त्याने ‘लालिबी’ हा सिनेमा दिग्दर्शित केला. १९७४ मध्ये लुई बुन्युएलच्या ‘द फँटम ऑफ लिबर्टी’त तो डॉक्टर झाला: रुग्णाला कर्करोगाची बातमी आडवळणाने सांगतो, वर सिगारेट पुढे करतो आणि त्याबद्दल थोबाडीत खातो. एवढ्याशा प्रसंगातला त्याचा गोड, सावध, बेजबाबदार सूर लक्षात राहतो.

आणि १९७५ मध्ये मारिओ मोनिचेल्लीचा ‘अमीची मिएई’ आला. फ्लोरेन्समधल्या चार मध्यमवयीन मित्रांच्या खोड्यांचा हा सिनेमा. स्टेशनवर सुटणाऱ्या गाडीच्या खिडकीतून डोकावणाऱ्या प्रवाशांना हे ओळीने थपडा मारत जातात. अपघात होऊन चौघे इस्पितळात पडतात आणि तिथला प्रमुख शल्यचिकित्सक प्रोफेसर सास्सारोली, म्हणजे चेली, पाचवा मित्र होतो. चौघांतला मेलांद्री त्याच्या बायकोच्या प्रेमात पडतो आणि नवऱ्यासमोर कबुली द्यायला येतो. सास्सारोली संतापत नाही. शस्त्रक्रियेची तारीख द्यावी तशा शांतपणे बायको देऊन टाकतो, पण अटीसकट: तिच्यासोबत मुली, मुलींना सांभाळणारी बाई आणि अवाढव्य कुत्राही न्यायचा. प्रियकर एका क्षणात संसारी माणूस होतो. हा सगळा प्रसंग चेलीच्या आवाजावर तोललेला आहे. खालच्या पट्टीत, सभ्य, किंचित थकलेला सूर आणि त्याच्या तळाशी दडलेला खट्याळपणा. लार्गोतला थंडपणा आणि हा थंडपणा एकाच माणसाचा आहे हे चटकन कळतं, फक्त इथे तो पूर्ण ऐकू येतो.

याच सिनेमात उलट बाजूही आहे. फिलिप न्वारे हा फ्रेंच नट यात फ्लोरेन्सचा पत्रकार आहे आणि त्याला इटालियन आवाज रेंझो मोंतान्यानीने दिला. चेलीवर इंग्रजीत जी वेळ आली ती न्वारेवर इटालियनमध्ये आली. इटलीत हा रिवाज आणखी जुना होता. १९३० पासून फॅसिस्ट राजवटीने पडद्यावर परकी भाषा ऐकू येण्यावर बंदी घातली, त्यातून डबिंगचा मोठा धंदा उभा राहिला आणि राजवट गेली तरी धंदा राहिला.

मुंबईशी एक धागा

१९७६ मध्ये इटलीच्या राई या सरकारी वाहिनीवर ‘सांदोकान’ ही सहा भागांची मालिका लागली. एमिलिओ साल्गारीच्या कादंबऱ्यांतला मलायी समुद्रातला बंडखोर राजपुत्र सांदोकान म्हणून दिग्दर्शक सेर्जिओ सोल्लिमाने निवडला कबीर बेदी. बेदी तेव्हा मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवरून आलेला होता. अलेक पदमसींनी बसवलेल्या ‘तुघलक’मध्ये तो तुघलक होता. मालिकेत त्याचा वैरी, सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रुक, म्हणजे अडोल्फो चेली. हिंदुस्थानी नट मलायी, सिसिलियन नट इंग्रज आणि फिलिप लरुआ हा फ्रेंच नट पोर्तुगीज यानेझ! इटालियन प्रेक्षकांनी हे सगळं मनापासून मानलं आणि बेदी तिथे घराघरात पोचला.

बेदीला तेव्हा इटालियन येत नव्हती. त्याचा इटालियन आवाज पिनो लोक्कीचा, आणि हाच लोक्की इटलीत शॉन कॉनरीचा बाँड बोलायचा. म्हणजे इटालियन घरांत दूरचित्रवाणीवर जेव्हा सांदोकान आणि ब्रुक समोरासमोर आले, तेव्हा बाँडच्या आवाजासमोर पुन्हा एकदा लार्गोचा चेहरा होता. सात वर्षांनी ‘ऑक्टोपसी’त बेदी गोबिंदा झाला, उदयपूरच्या महालातला अंगरक्षक. त्याच १९८३ सालात ब्रांडाउअरचा लार्गो आला.

चेली १९ फेब्रुवारी १९८६ रोजी सिएनात हृदयविकाराने गेला. वीस वर्षांनी मुलगा लिओनार्दो याने त्याच्यावर माहितीपट केला. माहितीपटाच्या नावात चेलीला दोन संस्कृतींचा माणूस म्हटलं आहे आणि त्यातली दुसरी संस्कृती ब्राझीलची आहे.

चेली पाहायला कुणी बसणार असेल तर मी आधी ‘अमीची मिएई’ सुचवेन, तेही मूळ इटालियनमध्ये, खाली उपशीर्षकं लावून. सास्सारोलीचा आवाज कानात ताजा असताना मग ‘थंडरबॉल’ लावावा आणि कॅसिनोच्या प्रसंगात काही क्षण आवाज बंद करून नुसते त्याचे ओठ आणि खांदे पाहावेत. वाक्य कुठे तोडायचं आणि कुठे रेटायचं हे तोच ठरवतो आहे, हे तेव्हा स्पष्ट दिसतं.